शेकरू, शंखातला खेकडा आणि आमची माडी

कुंदा, तुझ्या शाळेच्या मोठ्या बाई काल घरी येऊन गेल्या. शाळेच्या अंकात तुझ्यावर दोन पानं छापायची आहेत, तुम्ही त्यांच्या घरमालकीण, इतकी वर्षं जवळून पाहिलंय, तेव्हा तुम्हीच लिहा म्हणाल्या. मी हो म्हटलं, चहा दिला, दारापर्यंत सोडायला गेले. मग कागद घेऊन बसले आणि 'कुंदाबाई अतिशय मनमिळाऊ होत्या' एवढं लिहून थांबले. मनमिळाऊ कसली, चांगली भांडखोर होतीस तू. भाजीवाल्याशी भांडायचीस, शाळेत भांडायचीस, माझ्याशी तर रोजच. फक्त जिथं भांडायला हवं होतं तिथं भांडली नाहीस. तेव्हा ती दोन पानं दुसरं कुणी लिहील. मी हे तुलाच लिहिते आहे.

तू आलीस तेव्हा आमचा अजित चौथीत होता आणि माडीवरची खोली नुकतीच मोकळी झाली होती. शिवाजी पेठेत एकट्या बाईला खोली द्यायला कुणी धजत नव्हतं. हातात पत्र्याची ट्रंक, खांद्याला पिशवी, घामानं डबडबलेली अशी तू दारात उभी राहिलीस. "लगीन न्हाय झालं?" मी उंबऱ्यातूनच विचारलं. आमच्याकडं पाणी विचारायच्या आधी हे विचारतात. तू म्हणालीस, "नाही झालं. खोलीला चालत नाही का?" आतून आमचे हे हसले, आणि तेवढ्यावर खोली तुझी झाली.

पहिले काही महिने तू मला 'वहिनी, तुम्ही' आणि मी तुला 'बाई, तुम्ही'. शिक्षिकेला आणखी काय म्हणणार. पण अहोजाहो करतानाही तुझी जीभ काही गप्प बसायची नाही. मी एकदा म्हटलं, "मंडईला गेलतो, आत्ताच आलो." तू मान वाकडी करून विचारलंस, "वहिनी, तुम्ही स्वतःला पुरुष का करून घेता हो?" मी म्हटलं, "आमच्यात बायका असंच बोलत्यात. आणि तुमच्या मालवणीत 'मी येतंय, मी जातंय' म्हणतासा, ते काय वासरू हाय?" तू जिन्यावर बसून डोळ्यातून पाणी येईपर्यंत हसलीस. त्या दिवसापासून तू शाळेला निघताना खालून ओरडून सांगायचीस, "वासरू जातंय हो!"

त्याच वर्षी दिवाळीच्या सुट्टीवरून येताना तू लोणच्याची बरणी सांभाळत आणलीस. गगनबावड्याच्या घाटात एस.टी.नं इतकी वळणं घेतली तरी मांडीवरची बरणी हलू दिली नाहीस म्हणे. बरणीत समुद्राचं पाणी, तळाला वाळू आणि एक शंख. मला वाटलं शोभेचा असेल. बघता बघता शंखाला पाय फुटले आणि तो चालायला लागला. अजित किंचाळला आणि मीही किंचाळले. तू मात्र वर्गात उभी असल्यासारखी सांगत सुटलीस. हा खेकडाच, पण याचं पुढचं अंग तेवढं कडक. मागचं मऊ, वाकडं, उघडं. म्हणून मेलेल्या गोगलगायीचा रिकामा शंख शोधतो, मागचं अंग त्यात घालतो आणि ते घर ओढत फिरतो. वाढला की शंख अपुरा पडतो, मग मोठा शोधायचा. नांगीनं चाचपून, आतबाहेर तपासून, पटलं तर झटकन जुन्यातून निघून नव्यात शिरायचं. त्या मधल्या क्षणात तो उघडा असतो. तेव्हा कुणीही त्याला खाऊ शकतं.

"म्हंजे बिऱ्हाडकरूच की ओ तुमच्यासारखा," मी म्हटलं.

"व्हय," तू म्हणालीस. कोल्हापुरात आल्यापासूनचं तुझं ते पहिलं 'व्हय'.

दुसऱ्या दिवशी पहाटे चहा ठेवायला गेले तर बरणीचं तोंड उघडं आणि तो गडी पिठाच्या डब्याकडं निघालेला. मी जिन्याकडं तोंड करून ओरडले, "अगं कुंदा, तुझं बिऱ्हाड पळालं बघ!" तू धावत खाली आलीस. अंथरुणातून हे म्हणाले, "रस्सा टाका." तू म्हणालीस, "ही काय कुर्ली नाय हो, खाऊची नाय." कुर्ली म्हणजे तुमच्याकडचा रश्श्यातला खेकडा. आपण तिघंही हसत होतो, आणि हसता हसता माझ्या लक्षात आलं की मी तुला अगं म्हटलंय. तुझ्याही आलं असणार. त्या दिवसापासून तू मला 'वहिनी, तू' म्हणायला लागलीस. खेकडा काही जगला नाही. नळाच्या पाण्यात मीठ घालून समुद्र होत नाही, हे तुला ठाऊक होतं तरी तू करून पाहिलंस. शाळेतल्या मुलींना दाखवला आणि आठवड्याच्या आत तो गेला. तू दोन वेळा जेवली नाहीस. "माझ्या हौसेसाठी आणला मी त्याला," म्हणालीस.

तुला बरं वाटावं म्हणून मी तुला माझ्या माहेरी नेलं. आमचं गाव गगनबावड्याच्या अलीकडं, रानाला लागून. खरं सांगायचं तर थोडी ईर्ष्याही होती. तू रोज समुद्राचं कौतुक सांगायचीस, आमच्याकडं काय नुसता पाऊस पडतो काय? माझ्या भावानं आपल्याला रानात नेलं आणि एका उंच उंबराखाली मान वर करायला लावली. पानांत तांबडं काहीतरी हललं. मग शेपूट दिसलं, अंगाएवढं लांब, फांदीवरून खाली सोडलेलं. शेकरू दोन पायांवर बसून उंबर खात होता आणि उष्टे तुकडे आपल्या डोक्यावर पडत होते. तू तोंडाचा आ करून उभी. तुझ्या नाकावर उंबराचा तुकडा पडला तरी तू हलली नाहीस.

मग भावानं त्याची घरटी दाखवली. काटक्यांची आणि पानांची, फांद्यांच्या अगदी टोकाला, जिथं जड जनावर चढूच शकत नाही. एक या झाडावर, एक त्या झाडावर, एक पलीकडं. तू विचारलंस, "ही सगळी एकट्याचीच?" भाऊ म्हणाला, "व्हय की बाई. एकात निजायचं, एकात पिल्लू ठेवायचं."

"आणि बाकीची?"

"बाकीची असावीत म्हणून."

परतीच्या एस.टी.त तू ते 'असावीत म्हणून' घोळवत राहिलीस. तिथून आपलं भांडण सुरू झालं, ते तू जाईपर्यंत मिटलं नाही.

तू नववीच्या मुलींना प्रश्नच घातलास: शेकरू आणि शंखातला खेकडा यांच्या निवाऱ्याची तुलना करा. फळ्यावर मधोमध रेघ मारून दोन्हीकडं लिहून घ्यायचीस. एक झाडावरून उतरत नाही, एक वाळू सोडत नाही. एकाच्या अंगात हाडं, दुसऱ्याच्या अंगात एकही नाही. एक पिल्लाला दूध पाजतो, दुसऱ्याची पिल्लं आईबापाचं तोंड न बघता पाण्यात वाहत जातात. एक घर बांधतो, दुसरा घरात शिरतो. मुलींचं एवढ्यावर भागायचं. आपलं मात्र स्वयंपाकघरात पुढं चालायचं. मी शेकरूची बाजू घ्यायची, तू खेकड्याची. मी म्हणायची, आपल्या हातानं बांधावं, आपल्या घरात राहावं, यात माणुसकी आहे. तू म्हणायचीस, माणुसकी कसली, जागा अडवून ठेवणं आहे ते. "एका जिवाला इतकी घरं कशाला गो? माझा खेकडा बघ. लागेल तेवढंच घेतो, आणि ते पण कुणी टाकलेलं."

"म्हंजे आयत्या बिळावर नागोबा."

"नागोबा उंदराला खाऊन बिळात शिरतो. माझा कुणाला मारीत नाही. मेलेल्याचं रिकामं घर वापरतो, आणि त्याचं सोडलेलं घर दुसरा वापरतो. कुणाचं काही बिघडत नाही."

हे सगळं कांदा चिरताना, गहू निवडताना. आता लिहिताना कळतंय की त्या भांडणात तू भाडेकरीण होतीस आणि मी मालकीण, हे आपण दोघी कधी विसरत नव्हतो. विसरलो नव्हतो म्हणूनच चेष्टा करत होतो.

एकदा तूच सांगितलंस की तुझा खेकडाही काही साधू नाही. शंख कमी पडले की एक खेकडा दुसऱ्याच्या दाराशी जातो आणि आपला शंख त्याच्या शंखावर आपटत राहतो. ठक, ठक, ठक. आतला आधी अंग आवळून धरतो. मग कंटाळतो, थकतो, आणि बाहेर येतो. मी टाळी वाजवून म्हटलं, "बघ, लबाड हाय तुझा खेकडा." तू म्हणालीस, "लबाड नाही गो. त्याला जागा पुरत नसते." तेव्हा मी जिंकल्याच्या आनंदात होते, तुझ्या म्हणण्याकडं लक्ष दिलं नाही.

माझं ऑपरेशन झालं तेव्हाचं आठवतंय तुला? माझ्या नणंदा येऊन बघून गेल्या, फळं ठेवून गेल्या. तू रजा टाकलीस. माझे केस विंचरलेस, बेडपॅन उचललंस, आणि घरी जाऊन बापलेकाला भाकऱ्या करून घातल्यास. तुझी ज्वारीची भाकरी जन्मात कधी फुगली नाही. कोकणातली तू, तांदळाच्या भाकरीचा हात. हे एक अक्षर न बोलता खायचे. अजितनं मात्र दवाखान्यात येऊन सांगितलं, "आई, लवकर घरी चल, बाईंची भाकरी दातानं तुटत न्हाय." त्याला दहावीला शास्त्र तूच शिकवलंस. गुण बरे पडले तेव्हा त्यानं पेढा आधी तुला दिला, मग मला. मला राग आला नव्हता, असं मी तेव्हा म्हटलं होतं. थोडा आला होता.

मग अजितचं लग्न ठरलं. तो इंजिनिअर झाला, इथंच उद्यमनगरात नोकरीला लागला, मुलगी सांगलीची पाहिली. घरात खालच्या दोन खोल्या आणि वरची तुझी माडी. नवराबायकोला खोली हवी, यात कुणाचं काही चुकत नव्हतं. पण कुंदा, खरं कारण तेवढंच नव्हतं. यांची थोरली बहीण लग्नाच्या बोलणीला आली होती. ती चहा पिता पिता म्हणाली, "ती वरची बाई अजून हाय? एवढी वर्सं झाली. जुना भाडेकरू कायद्यानं निघत न्हाय बघ. उद्या म्हनंल, माझाच हक हाय. आमच्या गल्लीत झालंय." हे म्हणाले, "आक्का, कुंदाबाई तसल्या न्हाईत."  मी तोंडानं गप्प बसले, पण ते वाक्य माझ्या पोटात जाऊन बसलं. त्यानंतर तू माडीच्या खिडकीला नवा पडदा लावलास, तर मला वाटलं, ही पडदा का लावते? तू भिंतीत खिळा ठोकलास, तर मी जिन्याखाली उभी राहून आवाज ऐकत राहिले. तू तीच होतीस. शाळेतून आल्यावर माझ्या डब्यातले शेंगदाणे खात होतीस. मी मात्र तुझ्याकडं भाडेकरू म्हणून बघायला लागले होते. माणूस किती लवकर बदलतं बघ, आणि त्याला एका चहाएवढाही वेळ लागत नाही.

अजित माझ्याकडं येऊन म्हणाला होता, "आई, आम्ही खाली राहतो की. बाईंना कशाला हलवायचं?" हे तुला कुणी सांगितलं नसणार. मी त्याला म्हटलं, "तू यात पडू नगंस."

इतक्या वर्षांत मी तुझं दार कधी वाजवलं नव्हतं. जिन्याच्या खालूनच हाक मारायची. त्या रविवारी मी पदर नीट घेऊन जिना चढले आणि उघड्या दारावर बोटांनी वाजवलं. तू वह्या तपासत होतीस. चष्म्यावरून बघत म्हणालीस, "वाजवतेस कशाला? दार उघडंच हाय की." आणि मी म्हटलं, "बाई, तुमच्याशी जरा बोलायचं होतं."

तुमच्याशी. मी ठरवून म्हटलं नव्हतं गं. ते तोंडातून तसंच निघालं. ज्याला घराबाहेर काढायचं त्याला 'तू' कसं म्हणायचं, हे माझ्या जिभेला माझ्याआधी कळलं होतं. तू पेनचं टोपण लावलंस, वही मिटलीस. मी अजून काहीही बोलले नव्हते, आणि तू विचारलंस, "कधीपर्यंत?"

मी म्हटलं, "लग्नाच्या आधी झालं तर बरं." तू म्हणालीस, "होय, बरोबर आहे. रंग द्यायला वेळ लागेल तुम्हाला." तूही मला 'तुम्हाला' म्हणालीस. त्या शब्दानं मी सुटले असं मला वाटलं, आणि त्याच शब्दानं अडकले. तू एकदा तरी आवाज चढवला असतास. 'कुठं जाऊ मी' म्हणाली असतीस. माझ्या ऑपरेशनला तू काय काय केलंस ते मोजून दाखवलं असतंस. मी तयारीत होते, उत्तरं जुळवून आले होते, आणि ती सगळी उत्तरं घेऊन जिना उतरले.

जाताना टेम्पो दारात लागला. मी तुझी ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड. तुझी ओटी आजवर कुणी भरली नसणार, लग्न न झालेल्या बाईची कोण भरतं? शेजारणी बघत होत्या. माहेरवाशीण सासरी निघाली की तिची ओटी भरतात, आणि माहेरवाशिणीनं परत यायचं असतं. मला तेच म्हणायचं होतं का? की काढून लावतानाही मी किती चांगली आहे, हे मला गल्लीला दाखवायचं होतं? मला अजून ठरवता येत नाही. तुझा पदर हातात धरून तू खाली बघत होतीस. कपाळाला मी कुंकू लावलं तेव्हा तू डोळे मिटलेस. मग टेम्पोच्या पुढं ड्रायव्हरशेजारी बसलीस आणि मागं वळून बघितलं नाहीस.

गडमुडशिंगीला तिसऱ्या मजल्यावर तुला जागा मिळाली. पेठेत मिळाली नाही, नाहीतर पेठेत बघावी असं तुला वाटलं नसेल. दोन वेळा मी आले, दुसऱ्यांदा तू गेल्यावर. पहिल्यांदा लग्नाची पत्रिका घेऊन. तुझे गुडघे दुखत होते आणि जिन्याला कठडा नव्हता. "वारा छान येतो," तू म्हणालीस. तू मला 'तुम्ही' म्हणत होतीस आणि मी तुला 'तू' म्हणायचा प्रयत्न करत होते, जमत नव्हतं. शेवटी मी 'बाई' म्हणून वेळ मारून नेली. लग्नाला तू आलीस, पंगतीत वाढलंस, सुनेला साडी दिलीस. माडीवर मात्र चढली नाहीस. सगळ्या बायका नवी खोली बघायला वर गेल्या. तू खाली पातेली आवरत बसलीस.

वर्षभरात अजितला पुण्यात मोठी नोकरी लागली आणि दोघं गेली. माडी मोकळी झाली. मी तिथं एक जुनी गादी ठेवली, गव्हाची पिंपं ठेवली, आणि कुलूप लावलं. हे म्हणाले, "कुंदाबाईस्नी बोलवू की परत." मी म्हटलं, "कुठल्या तोंडानं?" हे म्हणाले, "ह्याच की." मी बोलावलं नाही. उद्या, पुढच्या महिन्यात, दिवाळीला, असं करत राहिले. मग मंडईत तू भेटलीस. मेथी निवडत होतीस. मला बघून हसलीस आणि विचारलंस, "माडी काय म्हणते?" कुंदा, तू सहज विचारलंस की ठाऊक असून विचारलंस, देव जाणे. मी म्हटलं, "भरलीय. सामान लई हाय." तू मान डोलावलीस आणि मेथीची जुडी माझ्या पिशवीत टाकलीस. "ही कोवळी आहे, घ्या," म्हणालीस.

ये म्हणायचं होतं. दोन अक्षरंही नव्हेत, एकच. त्याच्यापुढं माझी जीभ जड झाली. ते म्हटलं की आधीचं जा चुकलं होतं, हे कबूल करावं लागलं असतं.

तू मे महिन्यात गेलीस, दुपारी. या खेपेला गावी जाणार नव्हतीस, घाटातला प्रवास झेपत नाही म्हणाली होतीस शेजारणीला. स्वयंपाकघरात पडलीस. दार बंद. संध्याकाळी दूधवाला हाका मारून गेला, आणि सकाळी दार तोडलं. मला दुपारपर्यंत कळलं. डॉक्टर म्हणाले, लगेच कुणी बघितलं असतं तरी सांगता येत नाही. डॉक्टर चांगले आहेत, सगळ्यांना असंच सांगत असतील. आमच्या माडीवर वाटी पडली तरी खाली कळतं, कुंदा. तू पेन्सिल पाडलीस तरी मी वर मान करायची. मी आता दुपारी झोपत नाही. भांडं घासत असते आणि कान वर असतो. वर कुणी नाही, गव्हाची पिंपं आहेत.

तुझी भाची सुजाता गावाहून आली, तूच तिला लहानपणी शिकवायला इथं आणणार होतीस ती. आता चांगली मोठी झाली आहे, नर्सिंग शिकलेली. तुझे दिवसवार आटोपल्यावर तुझं सामान बांधायला मी तिच्या मदतीला गेले. भांडी, साड्या, मुलींच्या प्रयोगाच्या बाटल्या. शेजारच्या बायका बसल्या होत्या. एक म्हणाली, "बाई सांगायच्या, पेठेतली जागा ओल धरायची म्हणून सोडली. त्यास्नी उजेड लागायचा." दुसरी म्हणाली, "व्हय, मालकीण लई चांगली हाय म्हणायच्या. सोडू नगा म्हणत होती, पण मीच आलो म्हणून सांगायच्या."

तू असं सांगत होतीस तर. सगळ्यांना, इतकी वर्षं. माझं नाव राहावं म्हणून ओल नसलेल्या भिंतींना तू ओल आणलीस. मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. तुझा राग आला, कुंदा. मला चांगली म्हणायचा हक्क तुला कुणी दिला?

मी त्या बायकांसमोर म्हणाले, "खोलीला ओल न्हाय. तिनं सोडली न्हाय. मी काढलं तिला."

 एकीनं पदर सावरला. सुजाता साडीची घडी घालत होती, ती थांबली नाही. मग हळूहळू बायका उठून गेल्या आणि आम्ही दोघीच राहिलो. मी तिला विचारलं, पुढं काय करणार. इथल्याच एका दवाखान्यात तिला नोकरी मिळते आहे म्हणाली, पुढच्या महिन्यापासून. राहायला जागा बघायची आहे.  मला वाटलं, देवानं दार उघडलं. मी म्हणाले, "अगं, जागा कशाला बघतीस? आमची माडी मोकळी हाय. भाडंबिडं काय नगं. आजच चल. पिंपं मी उद्या हलवतो."

तिनं वर बघितलं. नाकाच्या शेंड्यावर तुझ्यासारखाच घाम. मग म्हणाली, "नको काकी."

"का गं?"

"मावशीनं तुम्हाला माफ केलं असेल. तिचं तिला ठाऊक. पण ती गावी आली होती तेव्हा स्वयंपाकघरात रडली होती, आणि मी ते बघितलं होतं. मी तुमच्या घरात राहणार नाही." आवाज चढवला नाही तिनं. पुन्हा साडी घ्यायला वाकली.

मी खाली बसले. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. शेवटी कुणीतरी मला माझ्या तोंडावर सांगितलं. मी उठून तिच्याबरोबर साड्यांच्या घड्या घालायला लागले, आणि तिनं मला नको म्हटलं नाही. संध्याकाळ झाली तेव्हा ती म्हणाली, "काकी, निघा तुम्ही आता, बस चुकेल." मी जिना उतरले. कठडा नसलेल्या त्या जिन्यावर भिंतीला हात लावून उतरताना माझे गुडघे दुखले. तू रोज इथून उतरत होतीस. मला कुणी ऐकत नव्हतं, तरी मी मोठ्यानं म्हटलं, "ये गं कुंदा. माडी मोकळी हाय."